घानाचा कोको आणि आपला कापूस



मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला, डिसेंबरात 12,000 च्या. चॉकलेट होते ते या कोकोचे. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतले लहान शेतकरी पिकवतात. मग त्यांच्या घरावर सोन्याची कौले चढली असतील? आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला त्या हंगामात सरकारी भाव होता किलोला 1,000 फ्रँक, म्हणजे टनाला सुमारे 1,650 डॉलर. बोंबाबोंब झाल्यावर एप्रिलमध्ये 1,500 केला.

कारण साधे आहे. पीक झाडावर असतानाच मंडळाने जुन्या भावात सौदे करून टाकले होते. भावाची हमी देण्यासाठी म्हणे! आणि टंचाई का झाली? पाऊस फिरला, रोग आला हे खरेच. पण वर्षानुवर्षे खर्चही न भरून निघालेला शेतकरी म्हातारी झाडे काढून नवी लावणार कशाच्या जोरावर? घानाच्या शेतकऱ्यांनी पोती रात्रीतून शेजारच्या देशात नेली, सरकारने त्यांना तस्कर ठरवले. एकाधिकार खरेदीच्या काळात मध्य प्रदेशच्या सीमेवर कापसाच्या गाड्या अडवलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे समजावून सांगायला नको.

ही मंडळे आली कुठून? 1937 मध्ये गोऱ्या कंपन्यांनी संगनमत करून भाव पाडले, तेव्हा घानाच्या (त्या वेळच्या गोल्ड कोस्टच्या) शेतकऱ्यांनी 1938 च्या वसंतापर्यंत कोको विकलाच नाही. एवढी एकजूट! पुढे व्यापाऱ्यांपासून संरक्षण म्हणून 1947 मध्ये इंग्रजांनी मंडळ बसवले. इंग्रज जायला निघाले, मंडळ राहिले. 1954 मध्ये एन्क्रुमांच्या सरकारने 60 पौंडाच्या ओझ्याला 72 शिलिंग भाव चार वर्षांसाठी बांधून टाकला. बाहेर त्याच्या दुपटीहून जास्त भाव होता. मधला पैसा विकासाला! अशांती भागातला शेतकरी उठला तो यावरूनच. आपल्याकडे 1972 पासून एकाधिकार योजनेत चढउतार निधी म्हणून जे कापून घेतले, त्याचाच हा थोरला भाऊ.

मंदीत तरी मंडळ छत्री धरते का? 1989 मध्ये आयव्हरी कोस्टने जगाचा भाव पडल्यावर शेतकऱ्याचा भाव 400 वरून 200 फ्रँकवर आणला. तेजीचा वाटा मंडळाला, मंदी सगळी बांधावर.

ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच देशाने भाव 2,800 फ्रँक जाहीर केला. निवडणूक तोंडावर होती, आणि न्यूयॉर्कचा भाव शिखरावरून जवळजवळ निम्म्यावर उतरला होता. दहा हजारांत ज्याला वाटा नव्हता, त्याने पडत्या बाजारात भागीदार का व्हावे, हे हमीभावाच्या पुढाऱ्यांनी आपल्या सभेत येऊन सांगावे. माईक आम्ही देऊ.