आमचा मित्र आणि माझे मानपत्र

यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातील एका मित्राचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, अशी सूचना विद्यार्थी मंडळाच्या बैठकीत मीच मांडली होती. ती एकमताने मंजूर झाली आणि मानपत्र लिहिण्याचे कामही माझ्याच गळ्यात पडले. सत्कार मात्र झाला नाही. का झाला नाही, असे अनेकांनी विचारले. म्हणून हा लेखनप्रपंच.

मित्राचे नाव लिहीत नाही. 'नाव छापलेस तर अंक विकत घेणार नाही,' अशी त्याने धमकी दिली आहे. (अंक फुकट मिळतो, हे त्याला चांगले ठाऊक आहे.)

गेल्या वर्षी त्याच्या मानेवर गाठ आली. गावाकडे ती क्षयाची समजून काही महिने गोळ्या झाल्या. आपल्याकडे अशी गाठ दिसली की प्रथम क्षयच आठवतो, आणि पुष्कळदा तो असतोही. अखेर परळला टाटा हॉस्पिटलात गाठीचा तुकडा तपासला गेला आणि 'हॉजकिन लिम्फोमा' हे नाव कळले. थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टराने १८३२ साली ज्या रोगाचे वर्णन केले, तोच हा. लसिकाग्रंथींचा कर्करोग. ऐन तारुण्यात होतो, पण वेळेवर उपचार मिळाले तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. हे मला तेव्हा माहीत नव्हते. मला माहीत होता तो १९७१ सालचा 'आनंद' चित्रपट! कर्करोग झालेल्या माणसाने सर्वांना हसवायचे आणि शेवटी सर्वांना रडवून जायचे, एवढेच माझे या विषयातील ज्ञान.

म्हणूनच पहिला महिनाभर मी त्याच्या घरी फिरकलोच नाही. परीक्षेचे निमित्त सांगत होतो. खरे कारण भीती. शेवटी गेलो तेव्हा तो म्हणाला, "ये लेका. हा रोग सांसर्गिक नाही. तुझे तोंड पाहून मात्र मलाच काहीतरी होईल."

असा तो. दर पंधरा दिवसांनी एक, असे बारा डोस. त्यांतले एक औषध लालभडक असते. त्याला तो 'कोकम सरबत' म्हणतो. केस गेले तेव्हा न्हाव्याचे किती पैसे वाचले याचा हिशेब त्याने वहीत मांडला. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या विदर्भातल्या एका आजोबांकडून तो वऱ्हाडी म्हणी लिहून घेत असे. आमच्या भाषाविज्ञानाच्या सरांना त्या यादीचे फार कौतुक. हे सारे मी मानपत्रात घातले आणि वर लिहिले, 'हसतमुखाने मृत्यूला सामोरा गेलेला वीर.'

त्याने ते शांतपणे वाचले, पेन मागितले आणि ते वाक्य खोडले. म्हणाला, "अरे, मी मृत्यूला सामोरा कुठे गेलो? मी परळला गेलो होतो. एस.टी.ने."

मग त्याने जे सांगितले, ते यापूर्वी कोणालाच सांगितले नव्हते. तिसऱ्या डोसपासून पनवेल आले की त्याला ओकाऱ्या सुरू होत. औषध अजून अंगात गेलेले नसे. नुसत्या डिझेलच्या वासाने आणि रस्त्याच्या ओळखीने पोट ढवळून येई. सातव्या डोसच्या आदल्या रात्री तो स्टँडवर बसून रडला. वडील तिकिटाच्या रांगेत होते, तेवढ्या वेळात. मग तोंड धुतले आणि गाडीत चढला. "तुम्ही सगळे 'किती हसतोस रे' म्हणता," तो म्हणाला, "म्हणून मग दमलो असलो तरी हसावे लागते. पाहुणे गेल्यावर मी झोपतो."

मला वाटते, आपले चुकते ते येथे. अमेरिकन लेखिका सूझन सॉन्टॅग यांनी स्वतः कर्करोगाचे उपचार घेतल्यानंतर १९७८ साली 'इलनेस ॲज मेटाफर' हे पुस्तक लिहिले. आजाराला आजारच राहू द्या, त्याचे रूपक करू नका, असे त्यांचे म्हणणे. आपण कला शाखेचे विद्यार्थी. रूपकांवाचून आपले पान हलत नाही. पण 'वीर', 'योद्धा' हे शब्द आपण आपल्याच सोयीसाठी वापरतो. एकदा वीर म्हटले की त्याची विचारपूस करण्याचे कारण उरत नाही. आणि जो रडला किंवा ज्याच्यावर औषध चालले नाही, तो काय भित्रा?

त्याच्या हसण्याचे मला आजही अपार कौतुक आहे. ते खोटे नाही. म्हणींची यादी खोटी कशी असेल? पण बाराही वेळा पनवेल कुठे येणार हे ठाऊक असताना तो गाडीत चढला, याचे कौतुक त्याहून अधिक आहे, आणि नेमके तेच माझ्या मानपत्रात नव्हते.

"शालीचे काय करू?" मी विचारले.

"शाल नको. पुढच्या तपासणीला बरोबर ये."

गेलो. आता डोस संपले आहेत, डोक्यावर कोवळे केस आले आहेत, तरी पेण सोडल्यावर तो गप्प झाला. पनवेलला त्याने खिडकी उघडली. मी पिशवी पुढे धरली, पाठीवरून हात फिरवत राहिलो. थोड्या वेळाने रुमालाने तोंड पुसून तो म्हणाला, "हं, आता वाच तुझे मानपत्र."