द्राक्षातली साखर आणि रक्तातली साखर

गेल्या महिन्यात आमच्या भागातले एक द्राक्ष बागायतदार दवाखान्यात आले. वय साठीच्या जवळ, मधुमेह बारा वर्षांचा. पायाच्या अंगठ्याची जखम तीन आठवडे भरत नव्हती. ‘शुगर कधी तपासली?’ असं विचारल्यावर त्यांनी मनगट पुढे केलं. मुलाने ऑनलाइन मागवलेलं घड्याळ होतं. ‘रोज बघतोय डॉक्टर, सव्वाशेच्या वर जात न्हाई.’ त्या भरवशावर त्यांनी पट्ट्या आणणं बंद केलं होतं आणि गोळीही स्वतःच अर्धी केली होती.

मी बोट टोचून पाहिलं. ग्लुकोमीटरवर आकडा आला ३१८. त्याच वेळी घड्याळ दाखवत होतं १२४.

त्यांनी मला एक रास्त प्रश्न विचारला. ‘प्रदर्शनात मी द्राक्षाचा मणी न फोडता गोडी सांगणारं यंत्र बघितलंय. मग रक्तातली साखर न टोचता का कळू नये?’ हा प्रश्न तुमच्याही मनात येऊ शकतो, म्हणून हा लेख.

मणी न फोडता गोडी सांगणाऱ्या त्या यंत्रात ‘निअर इन्फ्रारेड’ म्हणजे निकट अवरक्त प्रकाश वापरतात. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा चढला. हा न दिसणारा प्रकाश म्हणजे अवरक्त. त्यातला तांबड्याला लागून असलेला भाग त्वचेतून बराच आत जातो. पाणी, साखर, प्रथिनं, हिमोग्लोबिन असा प्रत्येक पदार्थ त्यातला आपापला वाटा शोषून घेतो. किती प्रकाश परत आला हे मोजून आत काय आहे याचा अंदाज बांधायचा, ही झाली स्पेक्ट्रोस्कोपी. अमेरिकेत कार्ल नॉरिस यांनी १९६०च्या दशकात धान्यातला ओलावा मोजण्यासाठी ती वापरात आणली.

वैद्यकातही हा प्रकाश उत्तम काम करतो. कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. त्यात एक तांबडा आणि एक अवरक्त, असे दोन दिवे असतात. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास त्यामागची युक्ती शोधली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला प्रकाशात जो बदल होतो तेवढाच मोजायचा. कातडी आणि हाड ठोक्याबरोबर बदलत नाहीत, त्यामुळे ती हिशेबातून आपोआप वगळली जातात. १९७७ मध्ये फ्रान्स योबसिस यांनी कवटीबाहेरून मेंदूतला ऑक्सिजन या प्रकाशाने पाहता येतो हे दाखवलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेत आणि नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आज ते तंत्र वापरतात.

मग साखरेपाशीच का अडतं? हिशेब करा. पिकलेल्या द्राक्षात १०० ग्रॅमला १८ ग्रॅमच्या आसपास साखर असते. रक्तात १०० मिलीलीटरला हिमोग्लोबिन १२ ते १५ ग्रॅम असतं. आणि निरोगी माणसाच्या रक्तात, उपाशीपोटी, ग्लुकोज साधारण ०.१ ग्रॅम. म्हणजे द्राक्षापेक्षा जवळजवळ १८० पट कमी! शिवाय आपल्याला ओळखायचा असतो ६० आणि १०० यांतला फरक, म्हणजे फक्त ४० मिलिग्रॅम. तेवढ्याशा ग्लुकोजची खूण पाण्याच्या आणि प्रथिनांच्या खुणेखाली बुडून जाते. घाम आला, हात गार पडला, पट्टा सैल झाला, तरी प्रकाशात त्याहून मोठा फरक पडतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २१ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर इशारा दिला. त्वचेला न टोचता स्वतः रक्तशर्करा मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मंजुरी दिलेली नाही, तेव्हा ती वापरू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. दंडावर चिकटवायचा सेन्सर मात्र वेगळा. त्याचा बारीक तंतू त्वचेखाली असतो, आणि घड्याळ किंवा मोबाइल फक्त त्याचा आकडा दाखवतो.

माझा या संशोधनाला विरोध नाही. उद्या खात्रीचं यंत्र आलं तर रुग्णांची बोटं टोचणं थांबवणारा पहिला मीच असेन. पण आज अशी घड्याळं विकणं मला घातक वाटतं. खोटा ‘नॉर्मल’ आकडा दिलासा देतो आणि तोवर जखम चिघळते. इन्सुलिन घेणाऱ्याला खोटा वाढीव आकडा दिसला आणि त्याने डोस वाढवला, तर साखर उतरून तो बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकतं.

दोष मी त्या गृहस्थांना देत नाही. पट्ट्यांचा खर्च असतो, रोज टोचून घेण्याचा कंटाळा येतो. परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. कोणत्या वेळी आणि आठवड्यातून कितीदा तपासलं तर भागेल, हे ठरवता येतं. सरकारी आरोग्य केंद्रातही तपासणी होते. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा. ग्लुकोमीटरही अचूक नसतो, पण त्याची चूक साधारण १५ टक्क्यांच्या आत असावी असं मानक ठरलेलं आहे. घड्याळाचं यंत्र घेण्याआधी विचारा: याची चूक किती, ती कोणी तपासली, मंजुरी कोणाची? उत्तर मिळालं नाही, तर त्या आकड्यावर गोळी वाढवू नका, कमीही करू नका.

त्यांची जखम आता भरत आली आहे. घड्याळ अजून मनगटावर आहे, पण ते आता वेळ बघण्यापुरतंच.