रिकाम्या थडग्यापुढची रांग

कोचीला मी पर्यटक म्हणूनच गेलो होतो. चिनी जाळ्यांचे फोटो काढले आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाच्या थडग्यापुढे रांगेत उभा राहिलो. थडगं रिकामं आहे. १५२४मध्ये इथं पुरलेल्या वास्कोचे अवशेष १५३९मध्ये पोर्तुगालला नेले. तरी रांग हटत नाही.

पुढं मट्टनचेरीत मिरी-सुंठीचा वास घेतला आणि ‘जुन्या काळात गेल्यासारखं वाटतं’ असं म्हणालो. पण कुठला जुना काळ? याच बंदरात ‘चाप्पा’ पद्धत होती. जमलेल्या कामगारांच्या गर्दीत धातूचे बिल्ले फेकले जायचे. झोंबाझोंबीत ज्याच्या हाती बिल्ला लागेल, त्याला त्या दिवसाचं काम. बाकीचे रिकाम्या हातानं घरी. सप्टेंबर १९५३मध्ये याविरुद्ध उठलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली. मला हे कळलं ते परतल्यावर, राजीव रवी यांचा ‘तुरमुखम’ हा चित्रपट पाहून.

‘सुट्टीत कशाला ही दुखणी?’ असं कुणी म्हणेल. ठीक आहे. मग इतिहास पाहायला जातो, असं तरी म्हणू नये. बंदर म्हणजे नुसता समुद्र नव्हे. बंदर म्हणजे चढणारा-उतरणारा माल आणि तो वाहणारी पाठ. ती पाठ वगळून पाहिलेलं शहर म्हणजे निव्वळ देखावा.

माझ्या भाषेत ‘माथाडी’ हा शब्द आहे. त्या नावानं ओळखला जाणारा कायदा महाराष्ट्रानं १९६९मध्ये केला. तरीही मिरीचं पोतं पाहून मला फक्त वासच आठवावा, याची मला लाज वाटते.