समितीकडून गुप्त पथकाकडे

नक्षलबारी म्हणजे पहिल्या दिवसापासून बंदूक, हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. १९६७ साली दार्जिलिंगच्या तराईत, नक्षलबारी परिसरात, कानू सन्याल, जंगल संथाल यांनी उभी केली ती गावोगावच्या शेतकरी समित्यांची चळवळ. जोतदारांची, म्हणजे बड्या जमीनधारकांची, जमीन आणि धान्य ताब्यात घ्यायचे, तेही उघडपणे, चहामळ्यांतल्या कामगारांना सोबत घेऊन. हत्यारे होती, पण ती शेकडोंच्या जमावाच्या हातातली. १९६९च्या एप्रिलमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी-लेनिनवादी), म्हणजे भाकप (माले), स्थापन झाला आणि त्याचे नेते चारू मजुमदार यांची ‘वर्गशत्रूच्या खातम्या’ची भूमिका वरचढ ठरली. जनसंघटना नकोशा झाल्या; समितीच्या जागी मूठभरांचे गुप्त पथक आले.

सरकारने दुसरा मार्गच ठेवला नाही, असा या बदलाचा बचाव केला जातो. दडपशाही खरीच होती. २५ मे १९६७च्या पोलीस गोळीबारात स्त्रिया आणि मुलेही मारली गेली. पण दडपशाही माणसाला भूमिगत करते, त्याची संघटना त्याच्याच हातून मोडवत नाही. तो निर्णय नेतृत्वाचा होता, आणि सुशीतल रायचौधुरींसारख्या नेत्याने पक्षात राहूनच त्याला विरोध केला होता. जुलै १९७२मध्ये मजुमदार कोठडीत मरण पावले, तोवर पक्ष फुटला होता आणि तराईतला भूमिहीन भूमिहीनच होता.