नाताळातली उसंत

द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शिर्डी, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी करायला निघालेल्या गाड्यांची तिथे भर पडते. विश्रांतीसाठी घराबाहेर पडलेली माणसेच चौक तुंबवून ठेवतात, यातली विसंगती आता आपल्याला जाणवतही नाही. सण म्हटला की दमणूक आलीच, हे आपण गृहीत धरले आहे. नाताळापुरते तरी हे गृहीतक तपासून पाहावे, असे मला वाटते.

नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ जन्माशी निगडित. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. हा काळ वाट पाहण्याचा, अंतर्मुख होण्याचा. उत्सव सुरू होतो तो पंचवीस डिसेंबरला, आणि परंपरेने तो ६ जानेवारीच्या सणापर्यंत चालतो. म्हणजे आधी शांतता, मग आनंद. आपणच नव्हे, साऱ्या जगाने हा क्रम उलटा केला आहे. आधीचे चार आठवडे खरेदी, साफसफाई आणि तळण. आणि सव्वीस तारखेला उरतो तो केवळ थकवा.

काही वर्षांपूर्वी पंचवीस तारखेच्या संध्याकाळी आम्ही शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे गेलो होतो. फराळ दिवाळीसारखाच: करंज्या, चकल्या, शंकरपाळे, शिवाय केक. घरच्या काकू ताटल्या देऊन समोर बसल्या आणि बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. मध्यरात्रीची उपासना, मग पहाटेपासून स्वयंपाक. त्या दिवसातले आम्ही कितवे पाहुणे होतो, कोण जाणे. सगळे हसले. काकू ओशाळून जाग्या झाल्या आणि चहा टाकायला उठल्या. मी त्यांना ‘बसा’ म्हणालो नाही. चहा प्यालो.

लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे. मार्था पाहुणचारात गुंतलेली, मरिया येशूपाशी ऐकत बसलेली. आणि येशू मरियेची निवड अधिक चांगली ठरवतो. प्रवचनांत ही गोष्ट बहुधा मार्थेला समज देण्यासाठी येते. पण मार्थाही बसली असती, तर चूल कोणी पाहिली असती, हा प्रश्न राहतोच. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा प्रश्न पुनःपुन्हा आठवतो. रेव्हरंड टिळकांचे औदार्य थोर, यात शंका नाही. पण त्या औदार्याचा घरातला भार लक्ष्मीबाईंच्या खांद्यावर होता. आतिथ्याचे श्रेय एकाला आणि श्रम दुसऱ्याला, ही वाटणी धर्म बदलल्याने बदलत नाही. आमच्या दिवाळीतही ती तशीच आहे.

म्हणूनच ‘स्वतःसाठी थोडा वेळ काढा’ हा उपदेश मला अपुरा वाटतो. वेळ नुसता काढून निघत नाही. कोणीतरी काहीतरी सोडावे लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती मालकांच्या मनात आपोआप उगवली नव्हती. कामगारांनी एकत्र येऊन मागितली, तेव्हा मिळाली. ख्रिस्ती उपासनेचा तो वार आपल्या खंडोबाचाही आहे. विश्रांती ही सोय नसून हक्क आहे, हे त्या लढ्याने सांगितले. स्वयंपाकघरापर्यंत मात्र तो रविवार अजून पोचलेला नाही.

तो पोचवायचा तर घरच्यांनी फराळाचे दोन जिन्नस कमी करावेत, उरलेले सगळ्यांनी मिळून करावेत. आणि आम्हा पाहुण्यांनी सारी गर्दी पंचवीस तारखेलाच करू नये. सण ६ जानेवारीपर्यंत चालतो, तर शुभेच्छाही तोवर शिळ्या होत नाहीत.

आम्ही आता दोन-तीन दिवसांनी जातो, डबा घेऊन जातो, आणि चहा आमच्यापैकी कोणीतरी टाकते. पहिल्या वर्षी काकूंना ते फारसे रुचले नाही. पुढच्या वर्षी त्या बसून राहिल्या.