पेरूची फोड आधी तिच्या हाती

वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपले की चहा-बिस्किटे येतात. पूजेला ठेवलेली दोन-चार सफरचंदे कापली जातात आणि पाहुण्यांना, मुलांना एकेक फोड मिळते. सतरंज्या उचलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या भगिनींच्या हाती उरतो तो फक्त चहा. आम्हाला या चहाबद्दल आणि या फोडीबद्दल बोलायचे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. जिना चढताना लागणारी धाप, येणारी चक्कर, न संपणारा थकवा, याला आपण ‘कामाचा शीण’ म्हणतो आणि सोडून देतो.

ज्वारी-बाजरीत, डाळीत, पालेभाजीत लोह असते. पण धान्य-भाज्यांतले लोह शरीर सहज शोषून घेत नाही. मांसातले लोह लवकर अंगी लागते. मात्र २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि आपल्या अनेक घरांतले स्वस्त मांस गेले. तो लढा वेगळा आहे आणि तो लढायचाच आहे. पण जे आज ताटात आहे, त्यातले लोह तरी वाया जाऊ नये.

इथे फळ कामी येते. क जीवनसत्त्व जेवणातले लोह शोषून घ्यायला मदत करते. पेरूत ते संत्र्याच्या तीन-चार पट असते, आवळ्यात त्याहूनही जास्त. सफरचंदात ते अगदी थोडे. तरीही आजाऱ्याला भेटायला जाताना आपण महागडे सफरचंद घेतो आणि हातगाडीवरच्या पेरूला कमी लेखतो. जेवताना पेरूची फोड, आवळा किंवा भाजीवर पिळलेले अर्धे लिंबू एवढे पुरते. पिकलेली पपई आणि आंबा यांतून डोळ्यांसाठी लागणारे अ जीवनसत्त्वही मिळते.

चहा मात्र उलटे काम करतो. जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोह अडवतो. तासभर तरी अंतर ठेवावे. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळीही चहासोबत न घेता लिंबूपाण्यासोबत घ्यावी.

फळ म्हणजे औषध नव्हे. धाप लागत असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोणते फळ किती खायचे हे डॉक्टरांना विचारावे. पण ‘पेरूने सर्दी होते’ म्हणून मुलीच्या हातून पेरू काढून घेणे आपल्याला शोभत नाही. ऐकीव गोष्ट तपासून पाहायला आपल्याला तथागतांनीच शिकवले. विनयपिटकात भिक्खूंना अनुमती दिलेल्या पेयांत आंबा, जांभूळ आणि द्राक्षांचा रस आहे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतीकाळातील सवलतींच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाईचे शरीर हा त्यांना घरातला खासगी प्रश्न वाटला नाही. मग आपण तो चुलीपाशी का सोडून द्यावा?

म्हणून आमचे विहार समित्यांना सांगणे आहे : बिस्किटांच्या पैशांत पेरू आणा, हंगामात आवळे, बोरे आणा. पूजेलाही तीच फळे ठेवा. आणि वाटताना पहिली फोड सतरंजी उचलणाऱ्या भगिनीला द्या. घरीही सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले तिने खायचे, हा नियम मोडा. समतेची सुरुवात ताटापासूनही होते.

जय भीम! नमो बुद्धाय!