‘पेटंटेड’ म्हणजे सुरक्षित नव्हे!

कपाटात ठेवायच्या कीडनाशक पुडीवर ‘पेटंटेड’ हा शब्द दिसला, की आपण निर्धास्त होतो. पण पेटंट देताना मुख्यतः कल्पना नवी आहे का आणि उपयोगी आहे का, एवढंच पाहिलं जातं. तुमच्या बाळाला ती चालेल का, हा प्रश्न तिथे नसतो.

कडुनिंबाचंच पाहा. त्याचा पाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कपड्यांत आणि धान्यात ठेवतात. १९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने निंबोणीच्या तेलाच्या बुरशीनाशक वापराचं पेटंट अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला दिलं. त्याला हरकत घेतली गेली. २००० मध्ये ते रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. योग्यच झालं! पण वाद मुख्यतः ‘हे नवं आहे का?’ यावर होता.

डीडीटीची गोष्टही बोलकी आहे. लोकरीला लागणाऱ्या कसरीवर उपाय शोधण्याच्या कामातून पुढे गायगी या स्विस कंपनीतील पॉल म्युलर यांना १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला. कंपनीला पेटंट मिळालं, म्युलर यांना १९४८ चं नोबेल. १९७२ मध्ये अमेरिकेने त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली.

आता तुमच्या कपाटाकडे वळू. डांबरगोळ्यांतलं नॅप्थॅलीन हवेत उडतं आणि श्वासातून, त्वचेतून शरीरात जातं. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात. नवजात बाळाला तीव्र कावीळ होऊन मेंदूला इजा होऊ शकते. युरोपीय संघात या गोळ्यांवर २००८ पासून बंदी आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: घरात लहान मूल असेल तर डांबरगोळ्या नकोतच. त्यांत ठेवलेली झबली-दुपटी बाळाला घालू नका. कसरीच्या अळ्यांना घामाचे, अन्नाचे डाग आवडतात. त्यामुळे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

मुलाने गोळी गिळली तर उलटी करवू नका, दूध पाजू नका. पाकीट घेऊन लगेच रुग्णालय गाठा. पुढच्या काही दिवसांत लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तरी थांबू नका.

पुडी घेताना पेटंट नव्हे, आतला घटक वाचा.